प्रयोगशाळेच्या दारातील पोपटपंची

मुलाखत या शब्दाची आमच्या जालना जिल्ह्यात जेवढी दहशत आहे, तेवढी दुष्काळाचीही नसेल. दुष्काळ ओळखीचा आहे. तो आला की काय विकायचे, काय राखायचे आणि कोणाच्या दारात जायचे हे घरातल्या म्हातारीपासून पोरापर्यंत सर्वांना ठाऊक असते. मुलाखत मात्र परकी पाहुणी. ती येणार असे कळले की घरात नवा सदरा येतो, बुटांची जोडी येते, मारुतीला नारळ बोलला जातो आणि ज्याची मुलाखत आहे त्या पोराची वाचा बसते.

मी नोकरीच्या मुलाखतीविषयी बोलत नाही. तिच्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचे आहे ते अलीकडे आमच्याकडे पोहोचलेल्या एका नव्या मुलाखतीविषयी. विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींना सुट्टीचे दोन महिने किंवा एखादे सत्रभर एखाद्या संशोधकाच्या हाताखाली, त्याच्या प्रयोगशाळेत काम करता येते. थोडेफार विद्यावेतनही मिळते. पूर्वी ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या मुलांची समजली जाई. आता तसे म्हणता येत नाही. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा संकुल २०१८ पासून जालन्यात आहे. बदनापूरचे कृषी संशोधन केंद्र तर कितीतरी जुने. तेथून निघालेल्या तुरीच्या वाणांच्या नावाआधी ‘बीडीएन’ ही अक्षरे असतात आणि ती अक्षरे म्हणजे बदनापूरच, हे ती तूर पेरणाऱ्या घरातल्या मुलांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी मिळून देशभरच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात संशोधकांकडे धाडतात. दारे उघडली आहेत. प्रश्न एवढाच की त्या दारात आमचे मूल उभे राहते तेव्हा ते काय बोलते?

ते पाठ केलेले बोलते. माझे सारे भांडण आहे ते या पाठांतराशी.

दार उघडले की दारापाशी दुकान लागते, हा आपल्याकडचा नियमच आहे. केंद्र सरकारची किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना १९९९ साली सुरू झाली. हेतू फार चांगला होता. संशोधनाची ओढ असलेली मुले कोवळ्या वयात हेरायची आणि त्यांना विद्यावेतन द्यायचे. लेखी परीक्षेच्या मागून मुलाखतही असे. पाहता पाहता तिचे शिकवणी वर्ग निघाले आणि ती योजना म्हणजे जाहिरातीत छापण्याचा एक बिल्ला होऊन बसली. २०२२ साली ती ‘इन्स्पायर’ योजनेत विलीन झाली. शिकवणी वर्ग मात्र कशात विलीन झाले नाहीत. आता ते प्रयोगशाळेच्या मुलाखतीची तयारी करून देतात.

ही तयारी कशी असते ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. माझी एक जुनी विद्यार्थिनी बी.एस्‌सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेने तिला मुलाखतीला बोलावले. चार दिवस आधी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “बाई, मी उत्तरं म्हणते, तुम्ही ऐका.” तिच्या हातात वर्गाने दिलेले तीन छापील कागद होते. पहिले उत्तर असे की मला लहानपणापासून विज्ञानाची विलक्षण ओढ आहे. दुसरे असे की आपली प्रयोगशाळा जगात नावाजलेली असल्यामुळे मी येथे आले. तिसरे आपल्या दोषांविषयी होते : मी फार मेहनत करते, हाच माझा दोष! सगळे इंग्रजीत, आणि एका वाक्यातही ती मुलगी कोठे नाही. तेच कागद वर्गातल्या सगळ्यांना मिळाले होते. परीक्षकांसमोर ओळीने दहा मुले येतात आणि दहाही जणांचा दोष एकच, फार मेहनत करणे! त्या परीक्षकांच्या सहनशक्तीचे मला कौतुक वाटते.

मी तिला कागद बाजूला ठेवायला सांगितले आणि विचारले, मागच्या पावसाळ्यात तू काय केलेस? ती म्हणाली, “काही नाही बाई, मामाच्या प्लॉटवर क्रॉसिंगला जात होते.”

शहरातल्या वाचकांसाठी हे थोडे सांगायला हवे. जालना हे बियाण्यांचे गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे ‘महिको’ काढली, भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात करून तिचा एवढा विस्तार केला की १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार या गावच्या माणसाला मिळाला. आज येथे आणि शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातही गावोगाव बीजोत्पादनाचे प्लॉट असतात. संकरित कपाशीचे बी हाताने तयार करावे लागते. उद्या उमलणारी मादी झाडावरची कळी आज दुपारनंतर हेरायची. अंगठ्याच्या नखाने तिच्या पाकळ्या आणि त्यांच्या आतले पुंकेसरांचे वेष्टन गोल फिरवून अलगद काढायचे. आतल्या नाजूक काडीला नख लागले की ती कळी फुकट गेली. मग तिला रंगीत कागद लावून झाकायचे, म्हणजे भलता पराग बसणार नाही आणि सकाळी ती सापडेलही. दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचे फूल आणून त्याचा पराग त्या काडीवर फिरवायचा आणि देठाला दोरा बांधायचा. दिवसभर वाकून हे काम बहुतेक ठिकाणी बायका आणि मुली करतात. शाळेच्या वयातल्या मुलींनाही त्या कामाला जुंपले जाते, ही या धंद्यावरची काळी रेघ आहे आणि ती पुसलीच पाहिजे. पण माझी विद्यार्थिनी सज्ञान होती, सुट्टीत आपल्या मामाकडे गेली होती, आणि तिने तेथे मजुरीपेक्षा थोडे जास्त केले होते.

तिच्या लक्षात आले की सकाळी लवकर पराग लावलेल्या फुलांची बोंडे जास्त धरतात, ऊन चढल्यावर लावलेल्यांची गळतात. हे कोणतीही जुनी मजूरबाई सांगेल. या मुलीने पुढचे पाऊल टाकले. नऊच्या आतल्या फुलांना लाल दोरा आणि अकरानंतरच्यांना पांढरा दोरा बांधला, आणि घरातल्या कॅलेंडरच्या पाठीवर रोज रेघा ओढून हिशेब ठेवला. वर मला म्हणते, “पण बाई, सकाळी मीच असायचे आणि अकरानंतर मामी यायची. मग फरक वेळेचा का हाताचा, ते नाही सांगता येत. पुढच्या वर्षी दोघींनी दोन्ही वेळा केलं पाहिजे.”

मी मॅट्रिक झालेली, शाळेत शिकवणारी आणि कादंबऱ्या लिहिणारी बाई. मला संशोधनातले काय कळते असे कोणी विचारील तर त्याचा राग मी धरणार नाही. पण एवढे मलाही कळते की ज्या मुलीने आपल्याच निष्कर्षावर असा संशय घेतला, तिच्या अंगी ती गोष्ट आली आहे जी प्रयोगशाळेत शिकायला लोक परदेशी जातात. मी म्हटले, हे तू मुलाखतीत सांगणार आहेस ना? तिने जीभ चावली. “हे कसं सांगू बाई? हसतील ना ते. शेतातलं काम आहे.”

आणि तिने ते सांगितले नाही. वर्गाची फी बापाने उसने पैसे काढून भरली होती. छापील कागदाला बाईंच्या शब्दापेक्षा वजन जास्त.

मुलाखतीत काय झाले ते तिने परत आल्यावर सांगितले. पहिले पाठ तिने बिनचूक म्हटले. मग एका परीक्षकाने सरळ प्रश्न टाकला. तुम्ही दहा बिया भिजवल्या, आठ उगवल्या. तर त्या बियाण्याची उगवण ऐंशी टक्के आहे असे म्हणाल का? कागदात हा प्रश्न नव्हता. ती म्हणाली, “हो.” त्याने विचारले, “खात्रीने?” ती गप्प बसली. जागा मिळाली नाही.

आता या मुलीच्या घरी दर वर्षी पेरणीपूर्वी काय होते ते ऐका. तिचा बाप सोयाबीनच्या पोत्यातून शंभर दाणे मोजून घेतो, दहा नव्हे! ओल्या गोणपाटावर दहा-दहांच्या दहा ओळी मांडतो, गुंडाळी करून सावलीत ठेवतो, पाणी शिंपडत राहतो आणि सहा-सात दिवसांनी उलगडून कोंब मोजतो. सत्तरच्या वर आले तर नेहमीच्या मापाने पेरायचे, कमी आले तर बी वाढवायचे किंवा ते बी पेरायचेच नाही. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवले नाही म्हणून तक्रारींचे ढीग पडले, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. तेव्हापासून तर हे गोणपाट आमच्याकडे घरोघर आहे. तिच्या बापाला विचारा, दहा दाण्यांवर भरवसा ठेवाल का? तो म्हणेल, दहाचे काय घेऊन बसलात, मूठ कोणती हाती लागली त्यावर आहे ते. हेच तर त्या परीक्षकाला ऐकायचे होते! बियाण्याच्या सरकारमान्य प्रयोगशाळेतही हेच करतात, फक्त शंभर-शंभरच्या चार वाट्या करून चारशे बिया तपासतात, म्हणजे एका वाटीचा योगायोग दुसऱ्या वाटीत उघडा पडतो.

उत्तर तिच्या घरच्या गोणपाटात होते आणि ती ते शोधत होती छापील कागदात. ती ढ होती म्हणून गप्प बसली नाही. घरचे ज्ञान हे ज्ञानच नव्हे, ते अंगणात ठेवून आत यायचे, असे तिला वर्षानुवर्षे शिकवले गेले म्हणून ती गप्प बसली. तयारीच्या नावाखाली वर्गाने त्यावर शेवटचा खिळा मारला.

यावर काही मंडळी लगेच उसळून म्हणतील, पाहा, आमचे अडाणी शेतकरी हेच खरे शास्त्रज्ञ! त्यांनाही माझा नमस्कार. असे म्हणण्याने व्यासपीठावर टाळ्या मिळतात, पोरीला जागा मिळत नाही. गोणपाट ही प्रयोगाची सुरुवात आहे, प्रयोगशाळा नव्हे. दाणा का उगवला नाही, त्याच्या कवचाला मळणीयंत्राने इजा झाली की साठवणीत ओल धरली की बुरशी आली, हे गोणपाट सांगत नाही; ते सांगायला सूक्ष्मदर्शक लागतो, पुस्तक लागते आणि शिकवणारा लागतो. म्हणूनच तर मुलीला तेथे जायचे आहे. जो गावाचे गोडवे गाऊन मुलीला गावातच ठेवतो, तो वर्गवाल्यापेक्षा बरा आहे असे मी मानत नाही.

दुसरा आक्षेप इंग्रजीचा. इंग्रजी आलेच पाहिजे यात वाद नाही. संशोधनाचे निबंध इंग्रजीत आहेत आणि ते वाचता न येणारा माणूस प्रयोगशाळेत आंधळा. पण इंग्रजी येणे वेगळे आणि इंग्रजीतली वाक्ये पाठ असणे वेगळे. आपण काय केले हे ज्याला मराठीत पाच वाक्यांत सांगता येते, त्याला त्याच पाच वाक्यांचे साधे, मोडकेतोडके का होईना, इंग्रजी करता येते. ज्याला मराठीतच सांगायला काही नाही, त्याचे इंग्रजी कितीही गुळगुळीत असले तरी दुसऱ्या प्रश्नाला घसरते. परीक्षकांनीही थोडा विचार करावा. मराठी मुलाची मुलाखत मराठी परीक्षक घेत असताना दोघांनी मिळून इंग्रजीत कुंथण्याने विज्ञानाची कोणती सेवा होते?

परीक्षकांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. त्या मुलीला तेथे असेही विचारण्यात आले की, घरचे लोक दोन महिने बाहेर राहू देतील का, मध्येच लग्न तर ठरणार नाही ना? तिच्या आधी आत गेलेल्या मुलाला हे विचारले नव्हते. हे वाचून ज्यांना नवल वाटेल त्यांना मी १९३३ सालची हकिगत सांगते.

त्या वर्षी कमला भागवत नावाची मुलगी मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्‌सी.ला पहिली आली. आपल्या दुर्गाबाई भागवतांची ही बहीण, पुढे कमला सोहोनी म्हणून प्रसिद्ध झालेली. तिने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. तेथे संचालक होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन, नोबेल मिळालेले. त्यांनी अर्ज नाकारला. कारण ती मुलगी होती. कमलाबाई वडिलांना घेऊन बंगळूरला गेल्या, रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि नकाराचे कारण विचारू लागल्या. शेवटी रामन यांनी अटी घातल्या. पहिले वर्ष हे परीक्षेचे, नियमित प्रवेश नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री-अपरात्रीही काम करायचे. आणि पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये! कमलाबाईंनी अपमान गिळला आणि श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली काम सुरू केले. दूध आणि डाळी यांतल्या प्रथिनांवर. वर्ष संपले तेव्हा रामन यांचे समाधान झाले होते आणि संस्थेचे दार मुलींना उघडले. पुढे त्या केंब्रिजला गेल्या, बटाट्यावर काम करता करता वनस्पतींच्या पेशींतले सायटोक्रोम-सी हे द्रव्य त्यांनी दाखवून दिले आणि १९३९ साली पीएच.डी. मिळवली.

नव्वद वर्षे उलटली. अट आता कागदावर नाही, प्रश्नाच्या रूपाने विचारली जाते एवढाच फरक. माझ्या विद्यार्थिनींना मी सांगते की या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर द्यावे, “घरी बोलणे झाले आहे, मी पूर्ण मुदत राहीन,” आणि लगेच कामाविषयी बोलू लागावे. पण हे वाक्य खरे असायला हवे. म्हणजे तयारीतली पहिली मुलाखत मुलीने आईबापांची घ्यायची असते, आणि ती दिवाळीत घ्यावी. घर भरलेले असते, फराळ झालेला असतो, काका-मामा हजर असतात आणि नाही म्हणायचे तर चारचौघांत कारण द्यावे लागते. उन्हाळ्याच्या कामाचे अर्ज पुष्कळदा हिवाळ्यातच भरायचे असतात, हेही लक्षात असू द्यावे.

मग खरी तयारी कोणती? मायकेल फॅरेडे हा पुस्तके बांधणाऱ्याकडे उमेदवारी करणारा, शाळा जेमतेम शिकलेला मुलगा. १८१२ साली त्याला हम्फ्री डेव्ही यांची चार व्याख्याने ऐकायला मिळाली. त्याने ती सविस्तर टिपून काढली, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हाताने बांधणी केली आणि ते पुस्तक डेव्हींना पाठवले. पुढच्या वर्षी मार्चमध्ये तो रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून रुजू झाला. मला विज्ञानाची ओढ आहे असे त्याने म्हटले असेल-नसेल. ओढ दिसेल अशी वस्तू त्याने पुढे ठेवली. आमच्या मुलीजवळ कॅलेंडरच्या पाठीवरच्या रेघा होत्या. त्या नीट वहीत उतरवून घेतल्या असत्या, वर तारीख, प्लॉट, दोऱ्याचा रंग आणि खाली तो संशय, की फरक वेळेचा की हाताचा, तर तिला पाठ करायला काहीच उरले नसते. ज्याने स्वतः केले आहे त्याला आठवावे लागत नाही.

शिवाय ज्या प्रयोगशाळेत जायचे तेथे काय काम चालते ते आधी पाहावे. त्या संशोधकाचा एखादा निबंध मिळवावा. सगळा कळणार नाही, कळावा अशी अपेक्षाही नसते. शीर्षक, आकृत्या आणि शेवटचा परिच्छेद वाचून आपल्याला काय कळले नाही ते एका प्रश्नात लिहावे आणि तो प्रश्न तेथे विचारावा. आणि ‘माहीत नाही’ हे दोन शब्द आरशासमोर उभे राहून म्हणायला शिकावे. आमच्या मुलांना हे शब्द तोंडातून काढायची इतकी भीती असते की ती त्याऐवजी थाप मारतात. “माहीत नाही, पण शोधायचे तर मी असे करीन,” एवढे म्हणणारे मूल परीक्षकाला आवडते, हे माझे मत नाही, अशा मुलाखती घेणाऱ्या एका गृहस्थांनी मला सांगितले.

ज्या ठिकाणी समोर बसून मुलाखत होत नाही, त्या ठिकाणी तर आमची आणखी पंचाईत. अकादमींच्या उन्हाळी योजनेत विद्यार्थ्याचे स्वतःचे लिखाण आणि शिक्षकाचे शिफारसपत्र यांना महत्त्व असते. आमच्याकडची शिफारसपत्रे मी पाहिली आहेत. एकच मजकूर, वर नाव बदललेले. मुलगा होतकरू, मेहनती, प्रामाणिक. एका पत्रात तर आधीच्या मुलाचे नाव खोडायचे राहून गेले होते. प्राध्यापक मित्रहो, तुमच्या वर्गातल्या मुलीने दोन रंगांचे दोरे का बांधले हे तुम्हांला ठाऊक नसेल तर तिच्याविषयी तुम्ही काय लिहिणार? एकदा तिला समोर बसवा, अर्धा तास बोला, आणि मग लिहा. त्या अर्ध्या तासात तिच्या मुलाखतीची तयारीही होऊन जाईल, आणि ती फुकट होईल.

या वर्षी ती मुलगी पुन्हा अर्ज करीत आहे. पावसाळ्यात मामीने आणि तिने दोघींनी दोन्ही वेळा काम केले. हिशेब या वेळी दोनशे पानी वहीत आहे. परवा तिचे वडील भेटले. म्हणाले, “बाई, पोरगी म्हणते क्लास नको. पण लावावा का परत? तुमचं काय मत?” मी विचारले, मागच्या खेपेची फी फिटली का? त्यांनी उत्तर दिले नाही. कापसाच्या भावाचे बोलू लागले.